धनपालाच्या कथेतली नावे

आमच्या कुक्षीत गावाच्या नावाचा अर्थ प्रत्येकाला ठाऊक आहे आणि प्रत्येकाचा वेगळा आहे. कोणी सांगतो, कुक्षी म्हणजे कूस, उदर. कोणी वाल्मीकी रामायणातल्या इक्ष्वाकूच्या कुक्षी नावाच्या मुलाकडे बोट दाखवतो. मी डॉक्टर, त्यामुळे पहिला अर्थ मला लहानपणापासून जवळचा. पण पटणे वेगळे आणि खरे असणे वेगळे. गावाचे नाव कोणी एकाने विचार करून ठेवलेले नसते, ते वापरता वापरता पडते. कथेतल्या नावांचे तसे नसते. तिथे नाव ठेवणारा एक माणूस असतो आणि त्याच्या मनात काहीतरी असते. ते ओळखण्याचा खेळ मला फार वर्षांपासून आवडतो आणि या खेळात मी एकदा चारचौघांत हरलोही आहे.

वाचकहो, धारचे नाव निघाले की आपल्या घरांतून पवारांच्या आठवणी निघतात, फार तर राजा भोजाच्या. धनपालाचे नाव कोणी काढत नाही. हा मुंज आणि भोज यांच्या दरबारातला कवी. ब्राह्मण घरात जन्मला, धाकटा भाऊ शोभन याच्यामुळे जैन झाला. मुंजाने त्याला ‘सरस्वती’ ही पदवी दिली होती. विक्रम संवत १०२९, म्हणजे इसवी सन ९७२च्या सुमारास, माळव्याच्या राजाने राष्ट्रकूटांचे मान्यखेट लुटले. त्याच वर्षी धारेत बसून धनपालाने आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी, ‘पाइयलच्छी नाममाला’ हा प्राकृत शब्दांचा कोश रचला. पावणेतीनशेच्या आसपास गाथा आहेत. १८७९ साली ब्यूलर या जर्मन पंडिताने तो छापून काढला. बहिणीसाठी शब्दकोश लिहिणारा भाऊ मला दुसरा माहीत नाही.

या कोशाच्या शेवटी गंमत आहे. कवीने आपले नाव उघड सांगितलेले नाही. अंध, जण, किवा, कुसल असे चार शब्द देऊन त्यांची शेवटची अक्षरे क्रमाने घ्या, असे तो सांगतो. ध, ण, वा, ल. धणवाल, म्हणजेच संस्कृतातला धनपाल. ज्याला स्वतःच्या नावाचेही कोडे घालावेसे वाटते, त्याने पुढे अद्भुत कथा लिहिली तर तिच्यातली नावे सहजासहजी ठेवली असतील काय?

ती कथा म्हणजे ‘तिलकमंजरी’. विद्याधर, वेताळ, मंतरलेली अंगठी, आकाशात उडणारा हत्ती, पूर्वजन्मीच्या ओळखी, सारे काही तिच्यात आहे. कोशकाराने अद्भुत कथा लिहावी याचे नवल वाटायला नको. आपली नातवंडे ज्या टॉल्कीनची पुस्तके वाचतात, तोही १९१९-२०मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत काम करीत होता.

शीर्षकापासून सुरुवात करू. तिलक म्हटले की आपल्याला कपाळाचा टिळा आठवतो, पुण्याचे टिळकही आठवतात. पण मंजरी कपाळाला येत नाही, झाडाला येते. तिलक नावाचे झाड आहे आणि सुंदर स्त्रीने पाहिले की ते फुलते असा संस्कृत कवींचा संकेत आहे. त्या झाडाचा मोहोर म्हणजे तिलकमंजरी. धारेला या मंजरीचे वेडच दिसते. भोजाची ‘शृंगारमंजरीकथा’ आहे, पुढे तेराव्या शतकात मदन कवीची ‘पारिजातमंजरी’ आली.

चंद्रातप हा कथेतला दिव्य हार. घाईने वाचणारा ‘चंद्राचा ताप’ अशी फोड करील आणि मला लगेच थर्मामीटर आठवेल. खरी फोड चंद्र अधिक आतप, म्हणजे चंद्राचे ऊन, चांदणे. बालारुण ही लक्ष्मीने दिलेली अंगठी. बालारुण म्हणजे उगवता सूर्य. रात्रीच्या लढाईत या अंगठीच्या प्रभावाने शत्रूचे सैन्य झोपी जाते. सूर्योदयाने जग जागे होते आणि इथे सूर्योदय नावाची अंगठी झोपवते! धनपाल इथे हसला असेल असे मला वाटते. आमच्या होमिओपॅथीत लायकोपोडियम नावाचे औषध आहे, शब्दाचा अर्थ लांडग्याचे पाऊल. अर्थ कळला म्हणून औषध कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

काही नावे मात्र त्याने घडवलेली नाहीत. विद्याधरांचे रथनूपुर हे नगर विमलसूरीच्या ‘पउमचरिया’पासून जैन कथांत चालत आले आहे. तिथे धनपालाच्या मनात काय होते हे शोधणे व्यर्थ.

आता माझ्या हरण्याची गोष्ट. कथेचा नायक हरिवाहन. काही वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी ठणकावून सांगितले की हरी म्हणजे विष्णू, त्याचे वाहन गरुड, म्हणून हरिवाहन म्हणजे गरुड. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी शांतपणे विचारले, “डॉक्टरसाहेब, गोष्टीत काय दिलंय?” मी गोष्टीचा सारांश तेवढा वाचला होता. घरी येऊन मूळ ग्रंथ काढला. राजाला मुलाच्या जन्माआधी स्वप्नात इंद्राचा हत्ती ऐरावत दिसतो. म्हणून त्या स्वप्नाला जुळेल आणि बापाच्या नावाचा एक तुकडाही ज्यात राहील, असे नाव तो मुलाला ठेवतो. बाप मेघवाहन, मुलगा हरिवाहन. हरी या शब्दाला संस्कृतात विष्णू, इंद्र, सिंह, घोडा, वानर असे अनेक अर्थ आहेत. इथला हरी इंद्र आहे. कोश माझ्या बाजूने होता, कथा बाईंच्या.

हे कळल्यावर धारची एक जुनी आख्यायिका मला वेगळी दिसू लागली. ‘प्रभावकचरित’ (सुमारे १२७८) आणि मेरुतुंगाचा ‘प्रबंधचिंतामणी’ (सुमारे १३०५) या दोन्हींत ती थोड्याफार फरकाने येते. भोजाने कथा ऐकली, ती आवडली आणि त्याने नावे बदलायला सांगितली. ‘प्रभावकचरिता’प्रमाणे अयोध्येच्या जागी धारा, शक्रावतार चैत्याच्या जागी महाकाल, ऋषभाच्या जागी शंकर, मेघवाहनाच्या जागी खुद्द भोज. धनपालाने नकार दिला, राजाने पोथी आगीत टाकली. कवीच्या लहान मुलीला कथेचा बराच भाग पाठ होता, तिच्या तोंडून ऐकून बापाने ती पुन्हा लिहिली.

ही आख्यायिका सहसा धर्माच्या भांडणाची म्हणून सांगतात. तुम्ही नावे शेजारी शेजारी मांडून पाहा. मेघवाहन म्हणजे मेघ ज्याचे वाहन तो इंद्र. हरिवाहन म्हणजे इंद्राचा ऐरावत. शक्रावतार म्हणजे शक्राचे, इंद्राचे उतरणे. अयोध्या तर जैन परंपरेत इंद्राच्या आज्ञेने ऋषभासाठी वसवलेली नगरी. चारही नावांतून एकच धागा गेला आहे. बापाचे नाव भोज केले की मुलाच्या नावातले ‘वाहन’ पोरके होते. राजाला मागणी चार शब्दांची वाटली असेल, कवीला गोष्टच उसवावी लागली असती.

पोथी खरोखर जळली, असे मी म्हणणार नाही. आख्यायिका लिहिली गेली ती दोन-अडीच शतकांनंतर. प्रस्तावनेत धनपाल स्वतः सांगतो की जैन आगमांतल्या कथांचे भोजाला कुतूहल होते, म्हणून हा ग्रंथ लिहिला. परमार राजांची स्तुतीही तिथेच आहे. म्हणजे भोजाला ग्रंथात मानाची जागा होती, फक्त कथेच्या उंबरठ्याबाहेर.

आख्यायिकेत धनपाल रागावून धारा सोडतो आणि सत्यपुराला, आजच्या राजस्थानातल्या सांचोरला जातो. सांचोरच्या महावीराच्या मूर्तीवर त्याने अपभ्रंशात रचलेले स्तवन आज उपलब्ध आहे. तेवढा भाग मला खरा वाटतो.