परतलेल्यांचे गाव

श्रीरामपूरजवळच्या हरेगावी सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. त्या पंचक्रोशीतील ख्रिस्ती घरांत नहेम्याचे नाव परके नाही. यरुशलेमचा कोट 52 दिवसांत उभारणारा पुरुष, एवढीच त्याची ओळख बहुधा पुरेशी समजली जाते. वस्तुतः त्या ग्रंथातील मोलाचा भाग भिंतीचा नव्हे.

इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळले, मंदिर पाडले आणि लोकांना बंदी करून नेले. 539 मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकले व परतण्याची अनुज्ञा दिली. मंदिर 515 मध्ये पुरे झाले; कोट मात्र पडलेलाच राहिला. 445 मध्ये नहेम्या तेथे आला, रात्री गुपचूप फिरून त्याने पडझड पाहिली आणि मग काम वाटून दिले. कित्येकांच्या वाट्यास आपल्याच घरासमोरचा तुकडा आला. सोनार, गंधी, व्यापारी, याजक सारे कामास लागले. शल्लूम नावाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या मुलीही होत्या. तकोवाच्या सरदारांनी तेवढा खांदा दिला नाही, आणि ग्रंथकाराने तेही टिपून ठेवले!

काम चालू असताच गरिबांनी आकांत केला. दुष्काळात धान्यासाठी शेते व द्राक्षमळे गहाण पडले होते. राजाचा सारा भरण्यास कर्ज काढावे लागे. पोटची मुले दास्यात जात. सावकार परके नव्हते, भाऊबंदच होते. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यास हे समजावून सांगावयास नको. 1875 मध्ये याच जिल्ह्यात व पुणे जिल्ह्यात कुळांनी सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली होती. यरुशलेमात तो प्रसंग टळला. नहेम्याने सभा बोलावली, आपणही कर्जे दिली आहेत हे लपविले नाही, आणि शेते परत करविली, व्याज सोडविले. पुढे कोट पुरा झाला, तरी आत वस्ती विरळच. दहांतील एकास चिठ्ठ्या टाकून नगरात आणावे लागले.

परंतु या परतण्यास एक कठोर बाजूही होती. परतणाऱ्यांच्या याद्या केल्या गेल्या, आणि ज्या याजकांना आपली वंशावळ दाखविता आली नाही त्यांना याजकपणातून वगळण्यात आले. आपले कोण, हा प्रश्न कोटापेक्षा अवघड ठरला.

हाच प्रश्न विसाव्या शतकात मराठी बोलणाऱ्यांपुढे उभा राहिला. कोकणात तेलाचा धंदा करणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे तिकडे गेली. पूर्वजांच्या भूमीत आपण परतलो, अशी त्यांची भावना होती. पण तेथील धर्मपीठाने विवाहाच्या वेळी त्यांची वंशपरंपरा तपासावी असा आदेश काढला. शेकडो वर्षे शब्बाथ पाळणाऱ्यांकडून पुन्हा पुरावा मागितला गेला, हा अपमान त्यांना असह्य झाला. 1964 मध्ये त्यांनी यरुशलेमात निदर्शने केली. त्याच वर्षी तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला, आणि धर्मपीठाला आपल्या आदेशातील शब्द बदलावे लागले.

ही मंडळी बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा गावांत स्थिरावली. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, खोबरे व साखर यांच्या मलिद्याचे ताट तेथेही मांडले जाते, आणि तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले.