अडीच गुंठ्यांची माती

ब्रिटनमध्ये गावाच्या कडेला, रेल्वेरुळांच्या बाजूला, कधी दोन वसाहतींच्या बेचक्यात कुंपण घातलेले एखादे लहानसे शिवार दिसते. त्याचे तुकडे पाडलेले असतात आणि एकेक तुकडा एकेका कुटुंबाकडे वार्षिक भाड्याने असतो. या तुकड्याला ॲलॉटमेंट म्हणतात. परसबाग घराला लागून असते आणि घराबरोबरच येते. ॲलॉटमेंट घरापासून दूर असते, आणि जमीन बहुधा नगरपालिकेची, गावच्या पॅरिश कौन्सिलची किंवा एखाद्या जमीनदाराची असते. तुकड्याचे रूढ माप १० रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. आपल्याकडच्या हिशेबात बरोबर अडीच गुंठे. या तुकड्यांवर सेंद्रिय पद्धतीने भाजी पिकवणे आज इतके रुळले आहे, की ती तिथली पूर्वापार रीत असावी असा समज होतो. प्रत्यक्षात दोनशे वर्षांत या मातीत शेणखत, धुराड्यातली काजळी, सरकारी रासायनिक खत, डीडीटी आणि कंपोस्ट असे सगळेच पडले आहे. कोणत्या काळात काय पडले याचा माग काढला, तर जमीन कुळाकडे किती काळ राहणार हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा समोर येतो.

ॲलॉटमेंटचा उगम एका मोठ्या बेदखलीत आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश संसदेने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामाईक राने आणि गायराने कुंपणात घेतली आणि मोठ्या शेतमालकांच्या नावावर केली. तिथे गाय चारणारा, सरपण वेचणारा शेतमजूर नुसत्या मजुरीवर आला. १८३० मध्ये दक्षिण आणि पूर्व इंग्लंडात मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंजी पेटवल्या; त्यानंतर मजुराला थोडी जमीन द्यावी हा विचार जमीनदारांना आणि पाद्र्यांना एकाएकी पटू लागला. १८४५ च्या कुंपण कायद्याने गरिबांसाठी काही जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. पुढच्या सुमारे पाव शतकात सहा लाखांहून जास्त एकर जमीन कुंपणात गेली आणि त्यातली जेमतेम सव्वादोन हजार एकर गरिबांच्या वाट्याला आली. मजुराला जमीन देण्याला शेतकऱ्यांचाही विरोध होता. आपल्या तुकड्यावर राबून थकलेला मजूर दिवसा मालकाच्या शेतात काम काय करणार, ही त्यांची तक्रार.

या पहिल्या तुकड्यांवरची मशागत हाताची होती. बऱ्याच जमीनदारांची अट असे, की नांगर लावायचा नाही, फावड्यानेच खणायचे. रविवारी काम करायचे नाही, चर्चला जायचे, चोरीत सापडल्यास तुकडा सोडायचा, असेही नियम असत. खताची अट तर भाडेकरारातच असे, कारण सतत बटाटा घेऊन जमीन पार उतरेल ही मालकाला धास्ती. खत यायचे बहुतेक घरच्या डुकराकडून. बटाट्याच्या साली, खराब कोबी, बार्लीचा कोंडा डुकराला आणि डुकराचे खत तुकड्याला, असे ते चक्र होते. शहरात घोडागाड्यांमुळे लिदीला तोटा नव्हता. धुराड्यातली काजळीही वापरली जाई. ताजी काजळी रोपे जाळते, म्हणून ती काही महिने आडोशाला ठेवून मगच मातीत मिसळायची. सेंद्रिय हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. विकतचे खत परवडत नव्हते, एवढेच.

विसाव्या शतकात कायद्याने कुळाची बाजू थोडी थोडी सावरली. मागणी असेल तिथे तुकडे उपलब्ध करून देणे हे १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले. १९१९ मध्ये ‘श्रमिकांसाठीच’ ही मर्यादा गेली आणि कारकून, शिक्षक, दुकानदारही अर्ज करू लागले. मातीच्या दृष्टीने मात्र १९२२ चा कायदा जास्त मोलाचा, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. जमीन काढून घ्यायची तर सहा महिन्यांची सूचना द्यावी लागेल, आणि उभ्या पिकाची व मातीत घातलेल्या खताची भरपाई कुळाला मिळेल, असे त्यात ठरले. खताचा परिणाम दोन-तीन वर्षे मुरत जातो. उद्या जमीन जाणार असेल तर कोण गाडीभर शेणखत ओतील? १९५० मध्ये ही मुदत बारा महिन्यांवर गेली. मधल्या काळात, १९२५ च्या कायद्याने, ॲलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन मंत्र्याच्या संमतीविना विकायला स्थानिक संस्थांना बंदी झाली.

दरम्यान पहिले महायुद्ध येऊन गेले होते. जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे बुडवू लागल्या, पडीक जागा ताब्यात घेऊन लोकांना वाटण्याचे अधिकार सरकारने घेतले आणि तुकड्यांची संख्या सुमारे सहा लाखांवरून पंधरा लाखांच्या घरात गेली. युद्ध संपताच बऱ्याच जागा मूळ मालकांनी परत घेतल्या.

कंपोस्टची शास्त्रीय रीत या तुकड्यांवर आली ती मात्र हिंदुस्थानातून, तीही माळव्याच्या काळ्या मातीतून. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसा येथे सरकारी नोकरीत आले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरची वनस्पती-उद्योग संस्था चालवली. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि संशोधनात बरोबरीच्या भागीदार. संस्थेत रसायनाचे काम पाहणारे यशवंत वाड यांच्यासह हॉवर्ड यांनी १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ पदार्थांवर पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात ‘इंदूर पद्धत’ तपशिलाने मांडली. मुखपृष्ठावर दोघांचीही नावे आहेत. पुढच्या इंग्रजी लिखाणात वाड यांचा उल्लेख क्वचितच होतो.

पद्धत अशी होती. साधारण ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा, बाजू उतरत्या. शेतातला सगळा काडीकचरा जमवायचा. कपाशीच्या पऱ्हाट्या कडक, लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून द्यायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरडू द्यायच्या. हा काडीकचरा बैलांखाली अंथरायचा, शेणामुताने भिजला की उचलायचा. गोठ्यातली मुताने मुरलेली माती खणून घ्यायची, तिच्यात चुलीतली राख मिसळायची. मग खड्ड्यात थरावर थर आणि प्रत्येक थरावर पाणी. ढीग तुडवायचा नाही, हवा खेळती राहिली पाहिजे. काही दिवसांत आत ६० अंशांच्या वर ताप चढतो आणि तणांचे बी मरते. ठरावीक अंतराने तीनदा उलथापालथ केली की तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत तयार. शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या, त्या मुलखात थोड्या शेणात पुष्कळ खत करणारी ही युक्ती होती. चिनी शेतकरी मानवी मैला आणि शेतातला कचरा शतकानुशतके जमिनीला परत देत आले, हे अमेरिकी मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांनी १९११ मध्ये लिहिले होते. हॉवर्ड यांच्यावर त्याचा ठसा होता, आणि हिंदुस्थानी शेतकऱ्याला ते आपला गुरू म्हणत.

इंग्लंडच्या अडीच गुंठ्यांत ना बैल होते ना पऱ्हाट्या. त्यामुळे तिथे पद्धत आकुंचन पावली. खड्ड्याची जागा चारेक फूट लांबी-रुंदीच्या, बिनबुडाच्या लाकडी पेटीने घेतली. ही पेटी न्यूझीलंडच्या बागायतदारांकडून आली होती. शेणाऐवजी कोंबड्यांची वा सशांची विष्ठा आणि पऱ्हाट्यांऐवजी कोबीचे ठेचलेले बुंधे आले. हॉवर्ड यांचे मुख्य पुस्तक १९४० मध्ये निघाले, सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्या ईव्ह बाल्फोर यांचे १९४३ मध्ये, आणि १९४६ मध्ये याच विचाराची सॉइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

त्याच वर्षांत सरकार दुसरीकडेच चालले होते. १९३९ मध्ये ‘विजयासाठी खणा’ ही मोहीम सुरू झाली आणि तुकड्यांची संख्या पुन्हा चौदा लाखांच्या आसपास गेली. ९० बाय ३० फुटांच्या तुकड्यावर वर्षभर कुठे काय लावावे याचा नकाशा सरकारने पत्रकातून घरोघरी पोचवला. घोडे कमी झाल्याने लीद दुर्मीळ, म्हणून कंपोस्ट कसे करावे हेही सरकारी पत्रकांतून शिकवले गेले. पण १९४२ पासून ‘नॅशनल ग्रोमोर’ हे खतही मिळू लागले: नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी ७ टक्के. नव्याने फावडे हाती धरलेल्या कारकुनाला ढीग उलथण्यापेक्षा पिशवीतले दाणे फेकणे सोपे होते. ॲलॉटमेंटवर रासायनिक खताची सवय मुख्यतः इथून लागली, आणि युद्धानंतर डीडीटी व इतर कीटकनाशके तिच्या मागोमाग आली. जुने बागवान म्हणून ज्यांचे कौतुक होते, त्यांतल्या कित्येकांच्या खोपटात फवारणीच्या बाटल्यांची रांग असे.

१९६० च्या दशकात लोक तुकडे सोडू लागले. १९६९ च्या थॉर्प समितीच्या अहवालाने पडीक तुकड्यांचे दुखणे मांडले आणि ॲलॉटमेंटचे ‘विरंगुळ्याच्या बागे’त रूपांतर सुचवले. सूचना बहुतांशी कागदावर राहिली. पण रिकामे तुकडे स्वस्तात मिळत होते, आणि त्यांवर एक नवी पिढी आली, जिने कीटकनाशकांच्या धोक्यांवरचे रेचल कार्सन यांचे लेखन वाचले होते. तिला हाताशी एक संस्था मिळाली. लॉरेन्स हिल्स यांनी १९५० च्या दशकात एसेक्समधल्या बॉकिंग येथे हेन्री डबलडे संशोधन संघटना उभारली. आज ती गार्डन ऑरगॅनिक या नावाने चालते. संघटनेचे सभासद आपापल्या बागेत प्रयोग करून निष्कर्ष कळवत. हिल्स यांचे आवडते झाड कॉम्फ्रे. त्याच्या ‘बॉकिंग १४’ या वाणाला उगवणारे बी धरत नाही, म्हणून ते शेजाऱ्याच्या वाफ्यात पसरत नाही. मुळांचे तुकडे लावूनच वाढवावे लागते. पाने पिंपात कोंबून वर दगड ठेवला की काही आठवड्यांत काळा अर्क गळू लागतो. पालाशने भरपूर, टोमॅटोला उत्तम, आणि दुर्गंधी अशी की पिंप शक्यतो शिवाराच्या दूरच्या कोपऱ्यात असावे. सरकारी यादीत नसलेल्या वाणांचे बी विकणे बेकायदा ठरले तेव्हा संघटनेने जुनी वाणे सांभाळली आणि सभासदांना फुकट वाटली.

तुकड्यातुकड्यांच्या शिवारात एकट्यापुरते सेंद्रिय होता येत नाही. बटाट्याचा करपा वाऱ्यावर येतो. एकाने रोगट पाला कापला नाही तर ओळीतले सगळे वाफे जातात. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट मातीत वीस वर्षांपर्यंत तग धरतो आणि बुटांच्या चिखलाबरोबर, भेट दिलेल्या रोपांबरोबर फिरतो. म्हणून बटाटा, शेंगावर्गीय, कोबीवर्गीय आणि कंदमुळे अशी चार वाफ्यांची फेरपालट आणि कोबीआधी चुना, हा पाठ नवशिक्याला पहिल्याच वर्षी मिळतो. तणाचेही तसेच. मुळाच्या बोटभर तुकड्यातून पुन्हा फुटणारा बाइंडवीड शेजाऱ्याच्या कुंपणाखालून येतो, आणि शिवाराच्या समितीची नोटीस मात्र ज्याच्या वाफ्यात तो दिसतो त्याला लागते. तणावर उपाय म्हणून एके काळी जुने गालिचे अंथरायची पद्धत होती. कृत्रिम धागे आणि त्यांवरची रसायने मातीत उतरू लागल्यावर अनेक नगरपालिकांनी ती नियमातच बंद केली. पुठ्ठा आणि त्यावर कंपोस्टचा जाड थर टाकून न खणता लागवड करणे आता जास्त चालते. त्याचे पुरस्कर्तेही १९४० च्या दशकात होतेच, पण युद्धकाळात ‘खणू नका’ हे ऐकणार कोण?

सेंद्रिय बागवानांना सर्वांत मोठा धक्का बसला तो २००८ मध्ये. त्या उन्हाळ्यात देशभर टोमॅटो, घेवडा, बटाटा यांची पाने नेच्यासारखी मुरडू लागली. कारण शेणखतात निघाले. कुरणातले रुंद पानांचे तण मारण्यासाठी फवारलेले अमिनोपायरॅलिड गवतात राहिले, गवताबरोबर घोड्यांच्या व गुरांच्या पोटात गेले आणि लिदीतून जसेच्या तसे तुकड्यांवर आले. ज्यांनी एक बाटलीही विकत घेतली नव्हती, त्यांचेच वाफे गेले. औषधाचा परवाना त्याच वर्षी स्थगित झाला आणि पुढे जादा अटींसह परत मिळाला. तेव्हापासून बागवान खताची गाडी उतरवून घेण्याआधी खत मातीत मिसळून दोन-तीन कुंड्या भरतात आणि त्यांत बाकल्याचे बी लावतात. शेजारी बिनखताची एक कुंडी असते. तीन-चार आठवड्यांत दोन्हींकडची पाने सारखी सरळ उघडली, तर खत घ्यायचे.