लायडनची शीतप्रयोगशाळा : जे छापले गेले आणि जे वहीत राहिले

विज्ञानाचा इतिहास लिहिताना छापील निबंधांवर सारी भिस्त ठेवण्याचा प्रघात आहे. शोध लागला, तो अमुक तारखेस अमुक संस्थेपुढे वाचला गेला, अमुक अंकात छापला गेला, आणि तेथे इतिहासकाराचे काम संपले, अशी समजूत त्यामागे असते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही समजूत सहसा मानवणार नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतील अंतर त्याच्या परिचयाचे असते. पेशवे दफ्तराचे रुमाल सुटू लागल्यावर पूर्वीच्या किती कथा निराळ्या दिसू लागल्या, हेही तो जाणतो. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आपले संशोधन जगापुढे मांडण्यात या प्रयोगशाळेइतकी तत्परता त्या काळी क्वचितच कोणी दाखविली असेल. तथापि तिच्या एका फार मोठ्या दिवसाची खरी हकीकत पेन्सिलीने लिहिलेल्या वहीत जवळजवळ शंभर वर्षे पडून राहिली.

स्पॅनिश वेढ्यातून नगराची सुटका झाल्यानंतर, ८ फेब्रुवारी १५७५ रोजी, लायडनचे विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय पुरातत्त्वाच्या अभ्यासकांस ते तेथील केर्न संस्थेच्या ग्रंथसूचीमुळे ठाऊक आहे. प्रस्तुत विषय मात्र १८८२ साली सुरू होतो. त्या वर्षी हाइके कामरलिंग ऑनेस हे एकोणतीस वर्षांचे प्राध्यापक प्रायोगिक पदार्थविज्ञानाच्या आसनावर आले. ११ नोव्हेंबर १८८२ रोजी दिलेल्या आपल्या प्रारंभिक व्याख्यानात त्यांनी, मापनाच्या वाटेने ज्ञानाकडे जावे, अशा आशयाचे ब्रीद सांगितले. ॲम्स्टरडॅम येथील व्हॅन डर वाल्स यांचे वायूंच्या अवस्थांविषयीचे सिद्धान्त अत्यंत नीच तापमानात कसास लावावयाचे, हा त्यांचा उद्देश होता. त्यासाठी वायू द्रवरूप करणे ओघानेच आले.

तीनच वर्षांनी, १८८५ साली, त्यांनी प्रयोगशाळेच्या निवेदनांची मालिका सुरू केली. ही निवेदने इंग्रजीत निघत. डच भाषेत लिहिलेले हॉलंडबाहेर फारसे कोणी वाचणार नाही, हे उघड होते. म्हणून निबंध प्रथम ॲम्स्टरडॅमच्या विज्ञान अकादमीपुढे स्वभाषेत मांडावयाचा आणि मग त्याचे इंग्रजी रूप बाहेर धाडावयाचे, असा क्रम पडून गेला. स्वभाषा आणि जगाची भाषा यांची ही वाटणी त्यांनी कसलाही गाजावाजा न करता केली. निवेदनांतील मजकूर केवळ निष्कर्षांचा नसे. पंप, नळ्या, झडपा, काचेची पात्रे यांच्या बारीकसारीक आकृत्या त्यांत असत. ज्याला तशीच यंत्रणा उभारावयाची असेल त्याला त्यांवरून बराच बोध व्हावा, अशी ती मांडणी होती.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील जेम्स ड्यूअर यांची रीत याहून अगदी वेगळी होती. हायड्रोजन द्रवरूप करण्यात त्यांनी १८९८ च्या मे महिन्यात ऑनेस यांना मागे टाकले. परंतु ड्यूअर एकांडे शिलेदार होते. हाताशी मोजके सहकारी, उपकरणांची माहिती शक्य तितकी गुप्त, आणि हीलियमचे उत्तम जाणकार असलेल्या विल्यम रॅम्झी यांच्याशी वैर, अशा स्थितीत शुद्ध हीलियमचा पुरेसा साठा त्यांच्या हाती आला नाही. त्यांना केवळ संकुचित वृत्तीचे ठरविणे मात्र न्याय्य होणार नाही. १८९५ साली लायडनच्या प्रयोगशाळेवर बंद पडण्याची पाळी आली, तेव्हा तिच्या बाजूने मत कळविणाऱ्यांत ड्यूअर हेही होते.

तो प्रसंगही ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रयोगशाळेची इमारत ज्या जागी उभी होती तेथे १२ जानेवारी १८०७ रोजी बंदुकीच्या दारूने भरलेले जहाज उडून सुमारे दीडशे माणसे ठार झाली होती. त्याच ठिकाणी दाबाखालील ज्वालाग्राही वायूंचे साठे केले जात आहेत, हे कळताच नगरवासी बिथरले. चौकशी समिती नेमली गेली, तीत व्हॅन डर वाल्स होते, आणि परवानगी मिळेपर्यंत १८९८ साल उजाडले. नीच तापमानाचे मुख्य काम तीन वर्षे अडून राहिले. नगरवासीयांच्या भयाला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. पण ज्यांच्या आजोबांच्या आठवणीत तो स्फोट होता त्यांना इंग्रजी निवेदनांचा काय उपयोग होता?

ड्यूअर यांच्यापाशी नसलेली आणखी एक गोष्ट ऑनेस यांनी उभी केली. १९०१ साली उपकरणे घडविणाऱ्या कारागिरांच्या शिक्षणासाठी एक संस्था निघाली आणि तिची शाळा प्रयोगशाळेशी जोडली गेली. निळे अंगरखे घालणारी ही मुले प्रयोगशाळेत ‘निळी पोरे’ म्हणून ओळखली जात. काचकाम ऑस्कर केसेलरिंग यांच्याकडे असे. शीतयंत्रांची व्यवस्था पुढे गेरिट यान फ्लिम यांच्या हाती आली. हीलियमचा प्रश्नही घरच्या माणसाने सोडविला. ॲम्स्टरडॅमच्या व्यापारी माहिती कचेरीचे प्रमुख असलेले ऑनेस यांचे बंधू ओन्नो यांनी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनातून मोनाझाइट वाळू मिळवून दिली, आणि तीतून हीलियम काढण्याचे किचकट काम प्रयोगशाळेने केले.

१० जुलै १९०८ रोजी पहाटे पावणेसहाला काम सुरू झाले. दुपारी दीडपर्यंत वीस लिटर द्रव हायड्रोजन तयार होता. सायंकाळी तापमापक स्थिर झाला, तरी काचपात्रात काहीच दिसेना. तेव्हा पाहावयास आलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक स्क्राइनमाकर्स यांनी पात्रावर खालून प्रकाश टाकण्याची सूचना केली. तसे करताच द्रवाचा पृष्ठभाग स्पष्ट उमटला. सुमारे साठ घनसेंटिमीटर द्रव हीलियम हाती आले होते. त्याचे तापमान शून्याखाली २६९ अंश सेल्सियस.

या यशाच्या चारच महिने आधी त्याच प्रयोगशाळेची मोठी फसगत झाली होती. मार्च १९०८ मध्ये हीलियम घनरूप झाले असे ऑनेस यांना वाटले. त्यांनी ड्यूअर यांना तार केली आणि बातमी सर्वत्र झाली. पुढे आढळले की वायूत हायड्रोजनची भेसळ होती. चूक लक्षात येताच ऑनेस यांनी आपले विधान जाहीरपणे मागे घेतले. जुलैचे यश सगळेच सांगतात; मार्चची माघार क्वचितच सांगितली जाते. तिचे मोल मात्र कमी नव्हे.

यानंतर पंधरा वर्षे द्रव हीलियम जगात केवळ लायडनला मिळत असे. ही मक्तेदारी ऑनेस यांनी दाराला कुलूप घालून राखली नाही. मारी क्यूरी १९११ मध्ये तेथे येऊन रेडियमच्या किरणोत्सर्गावर नीच तापमानाचा काही परिणाम होतो का, हे तपासून गेल्या. १९२३ साली टोरोंटो येथे मॅक्लेनन यांनी हीलियम द्रवरूप केले तेही लायडनच्या यंत्रणेचाच नमुना पुढे ठेवून.

येथवरची हकीकत छापील साधनांवरून बहुतांशी कळते. ८ एप्रिल १९११ चे तसे नाही. त्या दिवशी हीलियम द्रवीकरणयंत्रातून वेगळ्या शीतपात्रात नेऊन त्यात ठेवलेल्या शुद्ध पाऱ्याचा विद्युत्‌रोध मोजला गेला. तापमान सुमारे तीन अंश केल्व्हिनपर्यंत उतरले, आणि पाऱ्याचा रोध जवळजवळ शून्य, अशा अर्थाची त्रोटक नोंद ऑनेस यांनी वहीत केली. अतिसंवाहकतेचा शोध तो हाच. अकादमीपुढील निवेदन त्याच महिन्याच्या अखेरीस झाले. त्यावर लेखक म्हणून नाव एकट्या ऑनेस यांचे. पंपांच्या हादऱ्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत बसून गॅल्व्हानोमीटरवर रोध मोजणारे गिलेस होल्स्ट, तापमान सांभाळणारे कॉर्नेलिस डोर्समान आणि शीतयंत्रे चालविणारे फ्लिम हे लेखक नव्हेत. प्रयोगशाळेच्या प्रमुखाच्या नावे निबंध निघावा, ही त्या काळची रूढी होती. तिला दोष देता येईल. परंतु एकट्या ऑनेस यांना गुन्हेगार ठरविणे योग्य नव्हे. होल्स्ट १९१४ मध्ये आइंडहोव्हेनच्या फिलिप्स कंपनीत गेले आणि तेथील संशोधनशाळेचे पहिले प्रमुख झाले.

छापील निबंध जेथे मुका राहिला तेथे आख्यायिका शिरली. एका ‘निळ्या पोराला’ डुलकी लागली, हीलियमचे तापमान नकळत वर चढले आणि होल्स्ट यांना रोध एकदम उडी मारताना दिसला, अशी कथा लायडनमध्ये तोंडोतोंडी चालत आली आणि पुढे छापूनही आली. शोधाची नेमकी तारीखही संदिग्धच होती. ऑनेस यांच्या वह्या लायडनच्या बुरहाव संग्रहालयात सुरक्षित होत्या, पण त्यांचे अक्षर इतके दुर्वाच्य की त्यांच्या वाटेस कोणी सहसा जात नसे. डिर्क व्हॅन डेल्फ्ट आणि पेटर केस यांनी त्या नेटाने वाचून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तारीख निश्चित झाली, डुलकीच्या कथेला त्या दिवसाच्या नोंदींत आधार सापडला नाही, आणि रोधाची ती उडी पुढे मे महिन्यातील जाणूनबुजून केलेल्या मापनात दिसली, हेही उघड झाले.

त्याच दिवसाच्या नोंदींत आणखी एक गोष्ट आढळली, आणि तिचे महत्त्व याहून अधिक आहे. तापमान दोन अंशांच्या खाली जाताना हीलियमचे उकळणे एकाएकी थांबले आणि केवळ बाष्पीभवन चालू राहिले, असे तेथे टिपलेले आहे. आज कोणताही पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी या खुणेवरून अतितरलता ओळखील. तिचा शोध जाहीर झाला तो जानेवारी १९३८ मध्ये, मॉस्कोत कापित्सा यांच्याकडून आणि केंब्रिजमध्ये ॲलन व मिझेनर यांच्याकडून. म्हणजे एकाच दिवशी दोन अपूर्व घटना या माणसांच्या डोळ्यांपुढे घडल्या. एक निबंधात गेली, दुसरी वहीत राहिली. १९११ मध्ये ती नोंद छापली असती तर तिचा अर्थ कोणास उमगला असता, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण अर्थ लावण्याची संधी लायडनच्या बाहेरील कोणालाही मिळाली नाही, एवढे निश्चित.

एकविसाव्या शतकात हॉलंडच्या विद्यापीठांत खुल्या विज्ञानाची जी चळवळ उभी राहिली तिचा रोख नेमका या वहीकडे आहे. तिला निकड आली ती एका कटू प्रकरणाने. २०११ साली टिलबर्ग विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्राचे प्राध्यापक दीदेरिक स्टापेल यांनी आधारसामग्रीच रचून लिहिल्याचे तीन तरुण संशोधकांमुळे बाहेर आले. नोव्हेंबर २०१२ च्या अंतिम अहवालात ५५ निबंधांत बनावट सिद्ध झाल्याचे म्हटले आहे. सहलेखकांनी मूळ सामग्री पाहिलीच नव्हती, हा त्यातील सर्वांत बोचणारा भाग. १ जुलै २०१५ पासून सार्वजनिक पैशाने झालेले लेखन वाजवी मुदतीनंतर विनामूल्य उपलब्ध करून देण्याचा लेखकाचा हक्क डच लेखाधिकार कायद्याने मान्य केला, आणि विद्यापीठांनी ती मुदत सहा महिने धरली. २०१८ च्या संशोधनसचोटीच्या आचारसंहितेत पारदर्शकता हे पाच तत्त्वांपैकी एक आहे. २०१९ मध्ये विद्यापीठे, अकादमी व अनुदानसंस्था यांनी मिळून, प्राध्यापकांची पारख केवळ निबंधांच्या संख्येवरून होऊ नये, असे धोरण जाहीर केले. खुद्द लायडनमधील विज्ञानमापनाच्या केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या विद्यापीठ-क्रमवारीची अशी आवृत्ती काढली की तिची मूळ आकडेवारी कोणासही तपासता यावी. क्रमवारी लावावीच का, हा प्रश्न तिने सुटत नाही. पण लावणाऱ्याचा हिशेब उघडा राहतो.

ॲम्स्टरडॅमच्या अकादमीने आपली जुनी कार्यवृत्ते आता संगणकीय रूपात सर्वांना खुली केली आहेत. एप्रिल १९११ चे ते निवेदन कोणीही विनाशुल्क वाचू शकतो. शीर्षकाखाली अर्थातच एकच नाव आहे. होल्स्ट, डोर्समान आणि फ्लिम यांच्यासाठी अजूनही बुरहाव संग्रहालयातील पेन्सिलीचे अक्षर लावावे लागते.