सातबारा कुणाचा, वहिवाट कुणाची? एका फॅन फिल्मची कोर्टकचेरी

गेल्या महिन्यात गावातली चार कॉलेजची पोरं घरी आली. तोंडं उतरलेली. एका गाजलेल्या परदेशी सुपरहिरोवर त्यांनी अकरा मिनिटांची फिल्म केली होती. मोबाईलवर शूटिंग, गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेतलेला पोशाख आणि उडायचा सीन पाण्याच्या टाकीवर. यूट्यूबवर टाकली आणि दोन दिवसांत कॉपीराइटचा क्लेम येऊन बंद पडली. त्यातला एक म्हणाला, "दादा, आपण एक रुपया कमावला नाही. उलट त्यांचीच जाहिरात केली. मग ही चोरी कशी?"

प्रश्न सोपा वाटतो, पण तसा नाही. याच प्रश्नावर अमेरिकेत वर्षभर खटला चालला. त्या पोरांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

मंडळी, 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन टीव्ही मालिका 1966 मध्ये सुरू झाली. जीन रॉडनबेरी तिचा जनक. एंटरप्राइज नावाचं अंतराळयान, कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक. पहिल्या फेरीत मालिका फार चालली नाही. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी हवा झाली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांच्या नवऱ्याने प्रेक्षकांना पत्रं लिहायला लावली. एनबीसी वाहिनीकडे पत्रांचा ढीग पडला आणि 1968 मध्ये तिसरं वर्ष मिळालं. 1969 ला मालिका संपली, एकूण भाग 79. पण प्रेक्षक हटले नाहीत. स्वतःची मासिकं छापली, गोष्टी लिहिल्या, संमेलनं भरवली. 1976 मध्ये नासाच्या पहिल्या स्पेस शटलला 'एंटरप्राइज' हे नाव पडलं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच. पुढे सिनेमे आले, नव्या मालिका आल्या, पैसा आला. थोडक्यात, पडीक रान या लोकांनी राखलं होतं.

मग कॅमेरे स्वस्त झाले. न्यूयॉर्क राज्यात टायकॉन्डेरोगा नावाचं छोटं गाव आहे. तिथला जेम्स कॉली पोटापाण्यासाठी एल्विस प्रेस्लीची नक्कल करायचा. मूळ मालिकेचे वेशभूषाकार विल्यम थाईस यांच्याकडून त्याला सेटचे नकाशे मिळाले होते. त्यावरून त्याने एंटरप्राइजचा सेट हुबेहूब उभा केला आणि 2004 पासून स्वतःचे भाग काढायला लागला. मूळ मालिकेतले वॉल्टर कोनिग आणि जॉर्ज टाके त्यात येऊन काम करून गेले. जॉर्जिया राज्यात व्हिक मिन्योना याने 2013 पासून 'स्टार ट्रेक कंटिन्यूज' सुरू केली, तीही हौशी आणि तासाच्या आसपासच्या भागांची.

मालक काय करत होते? टीव्हीचे हक्क सीबीएसकडे, सिनेमाचे पॅरामाउंटकडे. दोघंही गप्प होते. समज एवढीच की नफा करू नका, बाकी आम्ही बघत नाही. कागदावर काही नाही.

इथं माझ्या धंद्यातलं सांगतो. वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या करतोय. तहसीलमध्ये शेतरस्त्याच्या केसेस किती पाहिल्या त्याला मोजदाद नाही. बांधावरून पायवाट असते. आजोबांपासून लोक जातात, मालक काही बोलत नाही, उलट उन्हाळ्यात पाणीही पाजतो. मग एक दिवस कोणीतरी त्या वाटेने ऊस भरलेला ट्रॅक्टर घालतो. दुसऱ्या दिवशी बांधावर काटेरी तार येते आणि पायी जाणारी म्हातारीसुद्धा अडकते.

स्टार ट्रेकच्या बांधावर ट्रॅक्टर घालणारा माणूस म्हणजे अ‍ॅलेक पीटर्स.

पीटर्सने 2014 मध्ये 'प्रील्यूड टू अ‍ॅक्सनार' ही वीसेक मिनिटांची फिल्म काढली. मूळ मालिकेत एका भागात गार्थ नावाचा कॅप्टन होता आणि अ‍ॅक्सनारच्या लढाईचा ओझरता उल्लेख होता, त्यावरून ही गोष्ट. नट व्यावसायिक: रिचर्ड हॅच, टोनी टॉड, केट व्हर्नन. काम इतकं सफाईदार की बघणाऱ्याला ही चाहत्याची फिल्म वाटेना. मग पूर्ण लांबीच्या सिनेमासाठी इंटरनेटवर वर्गणी मागितली. दहा लाख डॉलरच्या वर पैसे जमले. त्यातून स्टुडिओ भाड्याने घेतला, माणसांना मानधन दिलं, पीटर्सने स्वतःही घेतलं. बोलणं असं की आम्ही साधी फॅन फिल्म करत नाही, स्वतंत्र, व्यावसायिक दर्जाचा स्टार ट्रेक सिनेमा करतोय.

29 डिसेंबर 2015 ला पॅरामाउंट आणि सीबीएसने कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा ठोकला. जाणूनबुजून केलेल्या प्रत्येक उल्लंघनामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईची मागणी.

प्रतिवादी म्हणाले, आमचं नेमकं काय चोरलं ते तरी सांगा. मग मालकांनी यादीच दिली. गणवेश, यानं, पात्रं, व्हल्कन लोकांचे टोकदार कान आणि क्लिंगॉन भाषा! ही भाषा मार्क ओक्रंड या भाषातज्ज्ञाने 1984 च्या सिनेमासाठी रचली, पुढच्या वर्षी तिचा शब्दकोश निघाला आणि लोक ती खरोखर बोलायला लागले. भाषेवर मालकी सांगता येते का? या मुद्द्यावर कृत्रिम भाषा रचणाऱ्यांच्या एका संस्थेने कोर्टात म्हणणं मांडायची परवानगी मागितली. त्यांच्या वकिलाने त्या कागदात जागोजागी क्लिंगॉन वाक्यं टाकली होती. हसायला येतं, पण मुद्दा खरा होता. शब्दकोश कुणाचाही असू शकतो, बोलणाऱ्याचं वाक्य कुणाचं? न्यायाधीश क्लॉसनर यांनी त्या वेळी याचा निकाल द्यायची गरज नाही म्हणत तो बाजूला ठेवला. तो प्रश्न आजही तसाच आहे.

मे 2016 मध्ये दिग्दर्शक जे. जे. अब्राम्स यांनी चाहत्यांच्या कार्यक्रमात सांगितलं की दावा लवकरच मिटेल. टाळ्या पडल्या, पण दावा मिटला नाही. उलट 23 जून 2016 ला मालकांनी सगळ्या चाहत्यांसाठी नियम काढले. फिल्म 15 मिनिटांची, फार तर दोन भाग मिळून 30. पुढचे भाग नाहीत, मालिका नाही. काम करणारे हौशी, बिनपगारी, आणि स्टार ट्रेकमध्ये आधी काम केलेला माणूस चालणार नाही. वर्गणी 50 हजार डॉलरच्या आत. फिल्म फुकट दाखवायची.

आता बघा, ट्रॅक्टर घातला एकाने आणि तार सगळ्यांना लागली. 'स्टार ट्रेक कंटिन्यूज'वाल्यांवर कुणी दावा केला नव्हता, तरी त्यांना हातातले भाग पुरे करून 2017 मध्ये अकराव्या भागावर थांबावं लागलं. कॉली हुशार निघाला. फिल्म थांबवली, त्याच वर्षी रीतसर परवाना घेतला आणि आपला सेट तिकीट लावून लोकांना दाखवायला खुला केला. मालकाच्या सहीने.

जानेवारी 2017 च्या सुरुवातीला न्यायाधीशांचा आदेश आला. अमेरिकन कायद्यात 'फेअर यूज' म्हणजे वाजवी वापराची सवलत आहे. त्यात चार गोष्टी बघतात: वापर कशासाठी, मूळ कृती कोणत्या प्रकारची, घेतलं किती आणि मूळ मालकाच्या बाजारावर परिणाम काय. चारही पीटर्सच्या विरोधात गेल्या. फिल्म फुकट दाखवणार हे म्हणणं टिकलं नाही, कारण जमलेल्या पैशाचा आणि नावाचा फायदा झालाच होता. आणि गंमत म्हणा की दुःख, बारीकसारीक तपशील मूळ मालिकेशी जुळावा म्हणून जी मेहनत घेतली, तीच अंगलट आली. टिंगल केली असती, टीका केली असती तर बचावाला जागा होती. निष्ठेला ती मिळाली नाही.

ज्युरीसमोर प्रकरण 31 जानेवारीला जायचं होतं. त्याआधीच 20 तारखेला तडजोड झाली. आपण मालकांची हद्द ओलांडली हे पीटर्सच्या बाजूने मान्य केलं. पहिली फिल्म यूट्यूबवर राहिली, नवी गोष्ट मात्र 15-15 मिनिटांच्या दोनच भागांत, जाहिरातीशिवाय.

मग पोराच्या प्रश्नाचं उत्तर काय? शेतात वहिवाट सिद्ध करता येते, तहसीलदार रस्ता खुलाही करून देतात. कॉपीराइटमध्ये वहिवाट लागत नाही. मालक पन्नास वर्षं गप्प बसला म्हणून तुमचा हक्क तयार होत नाही. आपल्या 1957 च्या कायद्यातही कलम 52 खाली स्वतःचा अभ्यास, टीका, परीक्षण, बातमी अशा ठरावीक कामांपुरतीच मोकळीक आहे. 'प्रेमापोटी' असं पोटकलम त्यात नाही.

एक दिलासा मात्र आहे. 1978 मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं की कल्पनेवर मालकी नसते, ती मांडण्याच्या पद्धतीवर असते. उडणारा माणूस कुणाच्या बापाचा नाही. छातीवरचं ते अक्षर मात्र कंपनीचं.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या मालेगावात नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' काढला, नंतर 'मालेगाव का सुपरमॅन'. यंत्रमागावर काम करणारा हडकुळा शफीक सुपरमॅन झाला. नकलेपेक्षा त्यात मालेगावच जास्त होतं, म्हणून तर त्यांच्यावर माहितीपट निघाला आणि आता हिंदी सिनेमाही.

माझं मत सरळ सांगतो. कायद्याने मालक बरोबर होते. माझी बातमी नाव न लावता कुणी उचलली की माझंही डोकं फिरतं, तेव्हा हे मला नाकारता येणार नाही. पण ज्यांनी पडीक काळात रान राखलं, त्यांना नियम कळला तो दावा ठोकल्यानंतर. तोच नियम दहा वर्षं आधी एका पानावर लिहून दिला असता तर पीटर्सला कोर्ट चढावं लागलं नसतं आणि बाकीच्यांची वाटही बंद झाली नसती. 'करा, बघू नंतर' म्हणणारा मालक उदार वाटतो, पण सगळी ताकद तो स्वतःच्या खिशात ठेवतो. गावातल्या तोंडी व्यवहारांतही मी हेच बघत आलोय.

पोरांना म्हणलं, पोशाख बदला, नाव बदला, अक्षर काढा. पाण्याची टाकी तेवढी ठेवा, ती आपली आहे. पुढच्या रविवारी पुन्हा शूटिंग आहे म्हणे. बघू.