फरशीखालची माती: वास, डास आणि ओल

हा आपल्या नव्या भागाचा लेखी अवतार. बोलताना जे 'म्हणजे बघा', 'ऐका ना' झालं होतं ते बरंचसं गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकायला इतिहासाचा वाटणार नाही: घरामागच्या फरशीबंद अंगणात भाजी लावणं. पण मुंबईत या गोष्टीला साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात एक गंमत आहे. या शहराने आपल्या बागा फक्त पैशांसाठी घालवल्या असं आपण समजतो. जमिनीचे भाव वाढले, इमारती आल्या, संपलं. ते खरंच आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कारण आहे आरोग्य.

सुरुवात माशांपासून करू.

माशांचं खत

जॉन फ्रायर नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर १६७३ मध्ये मुंबईत आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ मध्ये छापलं गेलं. मुंबईची हवा वाईट का, याची जी कारणं तो देतो त्यात नारळाच्या झाडांना घातलेल्या माशांच्या खताचा वास आहे. तेव्हा माडांच्या मुळाशी बारीक मासळी पुरायची पद्धत होती. इंग्रज या खताला 'बकशॉ' म्हणायचे. सडक्या मासळीतून विषारी वाफ निघते आणि तिच्यामुळे ताप येतो, अशी त्या काळची समजूत. अठराव्या शतकात कंपनीने या खतावर बंदीही घातली.

शेतकऱ्याच्या बाजूने बघा. बेटावरची जमीन रेताड, खारट. समुद्र फुकट मासळी देतोय. तिचं खत करणं हा शहाणपणा होता. आणि साहेबाच्या बाजूने बघितलं तर वास खरंच येत असणार. ताप वासामुळे येत नव्हता, एवढंच.

या बागा छोट्या नव्हत्या. पोर्तुगीज भाषेत बागेला 'होर्ता' म्हणतात. त्यावरून मुंबईच्या इंग्रजी कागदपत्रांत 'ओर्ट' शब्द आला, अर्थ माडांची वाडी. गिरगावातल्या वाड्यांची नावं आठवा: फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी. आज तिथे चाळी आणि टॉवर आहेत, पण नाव बागेचंच. पोर्तुगीजांनी इकडे आणलेली आणखी एक वस्तू म्हणजे मिरची. मुंबईकडे तिला 'गोवाई मिरची' म्हणायचे. म्हणजे आज कुंडीत सगळ्यात आधी लावली जाते ती मिरची मूळची या मातीतली नाहीच.

आता आमच्या बाजूला या. अँटॉप हिल म्हणजे वडाळा आणि शीव यांच्या मधली टेकडी, पूर्वेला मिठागरं. तिथून जवळच शिवडीला 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' या १८३० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची बाग होती. १८६० च्या दशकात ती जागा कब्रस्तानासाठी घेतली गेली. तीच आजची शिवडीची ख्रिश्चन दफनभूमी. त्याच सुमाराला भायखळ्याला राणीची बाग उघडली, १८६२ मध्ये. बाग ही आता बघायला जायची जागा झाली.

ओल आणि फरशी

१८९६ मध्ये प्लेग आला. मांडवीपासून सुरुवात झाली आणि जवळपास अर्धं शहर रिकामं झालं. १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा सगळा पट्टा याच ट्रस्टच्या योजनांमधून आखला गेला. रुंद रस्ते, मोकळी हवा, उजेड.

तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा ओल्या जमिनीवर फार राग होता. मातीची जमीन, शेणाने सारवलेली, पाणी मुरणारी, म्हणजे रोगाचं घर. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पक्कं व्हायला अजून काही वर्षं जायची होती. उपाय ठरला तो फरशीचा. चौक फरशीबंद करा, दोन इमारतींमधल्या घरगल्ल्यांना उतार आणि गटार द्या, पाणी साचू देऊ नका. 'स्वच्छ अंगण म्हणजे फरशीचं अंगण' हे आपल्या डोक्यात बसलंय ना, त्याची मुळं इथे आहेत. गावाला सारवलेलं अंगण स्वच्छ, मुंबईत शहाबादी घातलेलं.

डास आणि विहिरी

तिसरा घाव पाण्यावर. मुंबईला १८६० मध्ये विहार तलावाचं नळाचं पाणी आलं, तरी वाड्यांमधल्या विहिरी चालूच होत्या. बागेला विहिरीचं पाणी, पूजेला विहिरीचं पाणी. मग १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियावरचा अहवाल आला. त्यांनी दाखवून दिलं की मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास शहरातल्या विहिरींमध्ये आणि टाक्यांमध्ये वाढतो. यावेळी शास्त्र बरोबर होतं. विहिरी झाका किंवा बुजवा, असा धडाका सुरू झाला. पारशी आणि हिंदू घरांतून धार्मिक कारणांनी विरोध झाला, काही विहिरी त्यामुळे वाचल्या. चर्चगेटजवळची १७२५ ची भीखा बेहराम विहीर आजही आहे. पण भाजीच्या वाफ्यासाठी विहीर वाचवा म्हणून कुणी भांडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आता यादी करा. वासामुळे खत गेलं. ओलीमुळे माती गेली. डासांमुळे पाणी गेलं.

हे सगळं मी का खणत बसलो? मी तळमजल्यावर राहतो. मागे दहा बाय आठ फुटांचं फरशीचं अंगण आहे, दोन इमारतींच्या मध्ये, ऊन जेमतेम चार तास. तिथे आई आणि मी गवती चहा, पुदिना, मायाळू, मिरच्या, अळू असं लावतो. कोपऱ्यात ओल्या कचऱ्याचा ड्रम आहे. या वर्षी सोसायटीच्या कमिटीचं पत्र आलं: कुंड्या आणि ड्रम हलवा. कारणं तीन. खताचा वास येतो, डास होतात, भिंतीला ओल येते. मी पत्र दोनदा वाचलं. कमिटीतल्या काकांनी फ्रायर किंवा बेंटली वाचला असण्याची शक्यता कमी आहे, पण यादी तीच.

तरीही लोक लावत राहिले

इतिहासाची दुसरी बाजू ही की बंदी, फरशी, बुजवलेल्या विहिरी, सगळं होऊनही लोक थांबले नाहीत. त्यांनी फक्त जमीन सोडून दिली.

चाळीत काय होतं? डबा. डालडा १९३७ मध्ये बाजारात आला आणि रिकामा पत्र्याचा डबा ही मुंबईची कुंडी झाली. खिळ्याने बुडाला भोकं पाडायची, गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधायचा, आत तुळस किंवा ओव्याची पानं. मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे अळू आणि केळ. वापरलेलं पाणी वाया जात नाही आणि झाडाला वेगळं घालावं लागत नाही. कोकणातून आलेल्या माणसाने गावची परसबाग मोरीच्या तोंडाशी आणून बसवली होती.

आणि समुद्रमेथी! मुंबईबाहेरच्या ऐकणाऱ्यांसाठी सांगतो: बोटभर उंचीची, दोन पानांची मेथी, मुळांसकट छोट्या जुड्यांमध्ये विकतात, धुताना वाळू निघता निघत नाही. ती किनाऱ्याजवळच्या वाळूत वाढवतात. हल्ली कोवळ्या रोपांचे महागडे डबे मिळतात आणि आपल्याला वाटतं ही परदेशी आयडिया. मुंबईच्या भाजीवाल्या मावशी ती वर्षानुवर्षं विकतायत.

मग दुसरं महायुद्ध. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं, त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ. जगभर हेच चाललं होतं. ब्रिटनमध्ये बागा आणि हिरवळी खणून बटाटे लावत होते. ज्या सरकारी डोक्यांना माती म्हणजे रोग वाटत होता, त्यांनाच आता मातीची आठवण झाली. या मोहिमेचं नाव रेल्वेत टिकलं. रुळांच्या कडेच्या मोकळ्या जमिनी रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीसाठी द्यायच्या, म्हणजे अतिक्रमणही होणार नाही. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक आणि माठाचे ते हिरवे पट्टे याच योजनेतले. त्यांच्यावरचा आक्षेपही पुन्हा आरोग्याचाच: पाणी नाल्याचं असतं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सांडपाण्यातले जड धातू पालेभाजीत उतरतात.

माती बनवणारी माणसं

खरा बदल झाला तो काही लोकांनी प्रश्नच फिरवला तेव्हा. फरशीवर माती कुठून आणायची, हा प्रश्न सोडून त्यांनी विचारलं: माती इथेच बनवता येईल का?

वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर हे करून दाखवलं. उसाची चिपाडं, स्वयंपाकघरातला कचरा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिंपं. चिपाडं मुंबईत कुठल्याही रसवंतीवाल्याकडे फुकट मिळतात. ती हलकी असतात, त्यामुळे गच्चीवर वजन येत नाही. पोकळ असतात, त्यामुळे हवा खेळते. आणि कुजून खत होतात.

त्याच सुमाराला कोल्हापूर भागात श्रीपाद दाभोलकर काम करत होते. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि शेतीकडे हिशेब म्हणून बघितलं: एका चौरस फुटावर किती ऊन पडतं, किती पानं ते पकडू शकतात. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हा विचार मला लगेच पटतो. जागा किती यापेक्षा ऊन किती, हे आधी मोजा.

हे दोन्ही धागे एकत्र आले ते मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनवर. तिथल्या केटरिंग ऑफिसर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये किचनच्या गच्चीवर काम सुरू केलं. गोदी कामगारांचं जेवण बनवणारं किचन, रोजचा ओला कचरा ढिगाने, आणि सुमारे तीन हजार चौरस फूट उघडी गच्ची. कचरा खालून वर गेला, माती झाली, त्यात भाज्या आणि फळझाडं आली. पुढे २००९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने अर्बन लीव्ह्ज हा गट उभा राहिला आणि शहरातल्या लोकांना अमृत मिट्टी बनवायला शिकवू लागला. सुका पाला, शेण, गोमूत्र, गूळ, थर लावून ठेवायचे. चार-पाच महिन्यांत काळी, भुसभुशीत माती.

अँटॉप हिलहून धारावीच्या दिशेने गेलात तर याचं मोठं रूप दिसेल. महाराष्ट्र निसर्ग उद्यान, सुमारे ३७ एकर, १९९४ मध्ये खुलं झालं. खाली काय आहे? जुनं डम्पिंग ग्राउंड.

तिन्ही आक्षेपांचं काय?

मला इतिहासातून मिळालेली गोष्ट ही: आक्षेप घेणारे प्रत्येक वेळी थोडे चूक आणि थोडे बरोबर होते. मासळीचा वास रोग देत नव्हता, पण वास होता. ओल प्लेग आणत नव्हती, पण भिंत खराब करते. विहिरीतला डास तर शंभर टक्के खरा. त्यामुळे 'तुम्हाला निसर्गाचं प्रेमच नाही' असं कमिटीला सुनावून काही होणार नाही. बंदी घालून बाग मरते, हे खरं. पण आक्षेपांकडे दुर्लक्ष करूनही ती मरते, फक्त थोडी उशिरा.

मी उत्तर लिहिलं ते तीन मुद्द्यांचंच. वास: हवा न लागता कुजलं की वास येतो, म्हणून ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर दुप्पट सुका पाला, ड्रमला बाजूने भोकं, आणि मासळी-मटण अजिबात नाही. डास: डासाची अंडी ते उडणारा डास याला पावसाळी हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, कुंडीखाली ताटली ठेवायची नाही, पाण्याचं पिंप आठवड्यातून एकदा कोरडं करायचं. महापालिकेची माणसं तपासायला येतात तीही हेच बघतात. ओल: कुंड्या भिंतीपासून फूटभर लांब, विटांवर, आणि गटाराची जाळी मोकळी.

शिवाय महापालिकेने २०१७ पासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलंय. २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर अख्ख्या पूर्व मुंबईने खाल्ला होता. फ्रायरला आज आणलं तर मुंबईच्या वाईट हवेच्या यादीत तो कुंडीतलं खत घालेल की न कुजवता एका डोंगरावर नेऊन टाकलेला कचरा?

कमिटीने सहा महिने मुदत दिली आहे. ड्रम राहिला, कुंड्या निम्म्या झाल्या. मला हा तह मान्य आहे.

पण खरी घाई वेगळीच आहे. आमच्या भागात पुनर्विकास जोरात आहे. नव्या आराखड्यांत तळमजल्याला अंगण नसतं, गाड्या असतात. आत्ता आखणी चालू असतानाच एक उन्हाचा कोपरा, एक नळ आणि एक खताचा ड्रम लिहून घेतला नाही, तर नंतर पत्र लिहायला अंगणच उरणार नाही.

तेव्हा ऐकणाऱ्यांना एक काम. तुमच्या वाडीत, चाळीत, कॉलनीत विहीर कुठे होती, मोरीपाशी काय लावायचे, डब्यात काय असायचं, हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आज्जी, आजोबा, शेजारच्या मावशी, कुणीही चालेल. पुढच्या भागात त्यातलेच आवाज ऐकू. भेटू मग.