नर्सिंग शिकलेली मुलगी परदेशी निघाली : एजन्सी घ्यावी की नाही?

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा, आलापल्ली, कुठेही पाहा, गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या बऱ्याच मुली बारावीनंतर जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगकडे वळल्या आहेत. शिक्षण पूर्ण होते, नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या दवाखान्यात दोन-तीन वर्षे ड्युटी होते आणि मग घरात विषय निघतो : सौदी, कुवेत, दुबई, लंडन, जर्मनी. कुणीतरी एजंटचा नंबर आणून देतो. शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला हीच मुलगी अब्बांना घेऊन आमच्याकडे शाळेत येते, आणि दाखला लिहून होईपर्यंत प्रश्न येतोच, "एजन्सीला पैसे भरावेत का?" उत्तर एका वाक्यात मावत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहोत.

आपण आपल्या मुलीला 'नर्स' म्हणतो. पण ज्या देशात ती जाणार, तिथल्या कागदावर ती 'परदेशात शिकलेली नर्स' असते. म्हणजे तिचे शिक्षण, नोंदणी आणि अनुभव तिथली परिषद पुन्हा तपासणार, परीक्षा घेणार आणि मगच काम करू देणार. ही तपासणी कोणतीही एजन्सी टाळू शकत नाही. "परीक्षेशिवाय पाठवतो" असे कुणी म्हणाले, तर तो नर्सच्या नोकरीबद्दल बोलतच नाही.

एजन्सी म्हणजे नक्की कोण?

एजन्सी या एका शब्दाखाली तीन वेगळी माणसे येतात. पहिला, परवानाधारक भरती एजंट. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशातल्या नोकरीसाठी भरती करायची, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स' यांच्याकडून नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. दुसरा, कन्सल्टन्सीवाला. तो अर्ज भरून देतो, परीक्षेचे क्लास घेतो, पण त्याला भरतीचा अधिकार नसतो. तिसरा, सब-एजंट. त्याला कायद्यात जागाच नाही. नोंदणी प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गाठ पडते ती बहुतेक या तिसऱ्याशीच. तो तिकिटांचे दुकान चालवतो, पासपोर्टचे फॉर्म भरतो, ओळखीचा असतो, जुम्म्याला मशिदीत भेटतो. माणूस वाईट असेलच असे नाही, पण पैसे बुडाले की त्याच्याकडे बोट दाखवायला एकही कागद आपल्या हातात नसतो.

खासगी टूरने हजला जाताना आपण त्या टूरवाल्याची सरकारी यादीत नोंद आहे का, कोटा आहे का, हे चार जणांना विचारतो. मुलीच्या नोकरीच्या वेळी मात्र तेच विचारायला लाजतो. एजंटचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. परवाना चालू आहे, संपला आहे की निलंबित आहे, हे तिथे दिसते. त्यानंतर एजंटकडे दोन कागद मागावेत : परदेशी दवाखान्याने त्याच्या नावे दिलेले मागणीपत्र, म्हणजे डिमांड लेटर, आणि भरतीचे अधिकारपत्र. हे मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

तीस हजार आणि साडेएकोणीस लाख

नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये सेवाशुल्क घेऊ शकतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० रुपये. तेही बँकेमार्फत आणि पावती देऊन. नर्स पुरवल्याचा खरा मोबदला एजंटला परदेशी दवाखान्याकडून मिळतो, हे आपल्या लोकांना सहसा ठाऊक नसते. एजंट आपल्याला नोकरी 'विकत देतो' अशीच समजूत असते, आणि तिथूनच लूट सुरू होते.

केरळमधले प्रकरण आठवा. कुवेतच्या आरोग्य खात्यात नर्सभरती करणाऱ्या कोचीतल्या एका एजन्सीवर सीबीआयने २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला. आरोप असा होता की, करारानुसार १९,५०० रुपये घ्यायचे असताना एकेका नर्सकडून सुमारे साडेएकोणीस लाख घेतले गेले. अशा नर्स हजाराहून जास्त होत्या. ती एजन्सी नोंदणीकृत होती, हेही लक्षात ठेवा. परवाना पाहणे गरजेचे आहे, पण तेवढ्याने भागत नाही. पैसे किती आणि कशाचे, हे पावतीवर यायला हवे.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नियम कडक केला. 'ईसीआर' यादीत १८ देश आहेत. सौदी, कुवेत, अमिराती, कतार, ओमान, बहरीन हे त्यात येतात. या देशांत नोकरीला जाणाऱ्या नर्ससाठी उत्प्रवास मंजुरी सक्तीची झाली. एरवी दहावी पास माणसाच्या पासपोर्टला ही मंजुरी लागत नाही, म्हणून मुलींना वाटते आपल्यालाही लागत नसेल. नर्सना लागते. भरतीचे काम मुख्यतः राज्यांच्या सरकारी संस्थांकडे देण्यात आले : सुरुवातीला केरळच्या नोर्का रूट्स आणि ओडेपेक, नंतर तमिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र आणि तेलंगणाच्या संस्था. सिरोंचा किंवा राजुऱ्याकडच्या घरांना करीमनगर-मंचेरियलचे नातेवाईक तेलंगणाच्या 'टॉमकॉम'बद्दल सांगतात, ती यातलीच एक. या संस्था आधी आपापल्या राज्यातल्या उमेदवारांसाठी आहेत, म्हणून बाहेरच्यांना अर्ज करता येतो का, ते प्रत्येक जाहिरातीत वाचून घ्यावे.

या मंजुरीला बगल देण्याचा ठरलेला मार्ग म्हणजे व्हिजिट व्हिसा. "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देऊ." अशी गेलेली मुलगी सरकारी नोंदीत नोकरीला गेलेलीच नसते. पगार थकला, पासपोर्ट काढून घेतला, तर वकिलातीसमोर ठेवायला करार नसतो. याला आमचे उत्तर सरळ 'नाही' असेच असते.

नावाचा घोळ

आता आमच्या रोजच्या कामातली गोष्ट. एजन्सी चांगली असो वा वाईट, फाइल अडकते ती बहुतेक वेळा नावावर.

आखाती देशांत परवान्याआधी 'डेटाफ्लो' नावाची पडताळणी होते. ही कंपनी आपण दिलेल्या झेरॉक्सवर विश्वास ठेवत नाही. ती थेट मूळ संस्थेला विचारते : बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला, नोंदणीसाठी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेला, अनुभवासाठी त्या त्या दवाखान्याला. प्रत्येक ठिकाणी नाव पासपोर्टशी जुळावे लागते. आणि आपल्या मुलींची नावे जुळत नाहीत.

कारणे साधी आहेत. उर्दू माध्यमाच्या शाळेत नाव उर्दूतून येते, दाखल-खारीज रजिस्टरमध्ये मराठीत चढते आणि दहावीच्या फॉर्मवर कुणीतरी इंग्रजी स्पेलिंग ठरवतो. आयेशा हे नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिता येते, शेख तीन. बोर्डाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. पासपोर्टमध्ये नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे. कुणी सगळे एकाच रकान्यात भरतो आणि आडनाव कोरे सोडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन आणि भेटीच्या व्हिसावर प्रवेश बंद केला, तेव्हा अशा किती घरांची धावपळ झाली! नोकरीच्या व्हिसाला तो नियम नव्हता, पण नाव अर्धवट राहिले की पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो.

मुलगी शाळेत शिकत असेपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने नोंद दुरुस्त होऊ शकते. शाळा सोडल्यावर तेच काम फार अवघड होते. म्हणून पालकांना आमची विनंती असते की, नववीतच आधार, रजिस्टर आणि जन्मदाखला समोरासमोर ठेवून पाहा. आधीच शिकून मोठ्या झालेल्या मुलींनी नावबदलाचे राजपत्र काढून पासपोर्ट त्याप्रमाणे करून घ्यावा. हे काम नोकरी शोधण्याच्या आधीचे आहे, विदर्भासाठी त्याचे कार्यालय नागपूरला आहे आणि त्याला एजंट लागत नाही.

निकाहनंतरच्या नावाबद्दल एक शब्द. पासपोर्टमध्ये नवऱ्याचे नाव लावून आडनाव बदलण्याची सक्ती नाही. मुलीचे नाव वडिलांच्या नावासह तसेच ठेवण्यात दीनच्या दृष्टीनेही हरकत नाही. तरीही सासरच्या हौसेपोटी नाव बदलले जाते आणि नर्सिंगची सारी कागदपत्रे एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा होतो. बदलायचेच असेल तर परिषदेतली नोंदणीही बदलून घ्यावी.

अनुभवाच्या दाखल्यातही एक खड्डा आहे. बहुतेक आखाती देश साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. आपल्याकडच्या लहान नर्सिंग होममध्ये मुली राबतात, पण नेमणूकपत्र नसते, पगार रोख असतो. पडताळणीचा ईमेल येतो तेव्हा उत्तर द्यायला तिथे कुणी नसते. मग एजंट म्हणतो, "अनुभवाचा दाखला मी बनवून देतो." आमच्या एका माजी विद्यार्थिनीने असा दाखला जोडला. खरी दोन वर्षे तिने रात्रपाळ्या करून काढली होती, पण दाखला दुसऱ्याच दवाखान्याचा होता. तो खोटा निघाला, अहवालावर तसा शेरा आला आणि पुढचे अर्जही त्या शेऱ्यापाशी अडले. तिचे चुकलेच. पण पहिल्या दिवशीच नेमणूकपत्र मागायला तिला कुणी शिकवले नव्हते, आम्हीही नाही.

इंग्लंड आणि जर्मनी

इंग्लंडचा रस्ता वेगळा आहे. तिथल्या नर्सिंग परिषदेची संगणकावरची परीक्षा, आयईएल्टीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा आणि तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिक परीक्षा. आयईएल्टीएसमध्ये ७ गुण लागतात, लेखनात ६.५ चालतात. सरकारी दवाखान्यांच्या भरतीसाठी तिथे आचारसंहिता आहे आणि तिच्यानुसार एजन्सीने उमेदवाराकडून नोकरीचे शुल्क घ्यायचे नसते. संहिता पाळणाऱ्या एजन्सींची यादी जाहीर असते. दवाखान्यांच्या जागांवर थेट अर्जही करता येतो. मात्र २०२४ पासून तिथली परदेशी नर्सभरती खूप घटली आहे. 'केअरर'च्या नोकऱ्या लाखो रुपयांना विकणारे एजंट अजून फिरत असतील, तर सांगा की २२ जुलै २०२५ पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद झाली आहे. शिवाय केअररचे काम म्हणजे नर्सची नोकरी नव्हे.

जर्मनीत भाषा हेच खरे तिकीट. नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळवायला साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते. तिथे सरकारी पातळीवर 'ट्रिपल विन' हा कार्यक्रम चालतो, केरळची नोर्का त्यात २०२१ पासून आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला आणि नर्ससह अनेक कामांच्या मुलांना भाषा शिकवण्याचे काम शालेय शिक्षण विभागाकडे दिले. पण करार झाला म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. नोकरीचा करार हाती येईपर्यंत इथली नोकरी सोडू नये.

मग एजन्सी घ्यावी का? आमचे मत असे : मुलीचे इंग्रजी बरे असेल, घरात ऑनलाइन अर्ज करणारे कुणी असेल, तर नोंदणी, पडताळणी आणि परीक्षा हे सारे तिने स्वतः, स्वतःच्या ईमेलवरून आणि स्वतःच्या पासवर्डने करावे. एजंटने त्याच्या ईमेलवरून खाते उघडले की मुलगी त्याच्याकडे अडकते. नोकरी आणि मुलाखतीपुरती नोंदणीकृत किंवा सरकारी संस्था घेणे चुकीचे नाही. आखातात तर बहुतेक वेळा घ्यावीच लागते. मूळ प्रमाणपत्रे मात्र कुणाकडेही ठेवू नयेत. पाहायला द्यावीत, त्याच बैठकीत परत घ्यावीत.

आणि सूदावर कर्ज काढून, अम्मीचे दागिने गहाण ठेवून एजंटला पाच-सात लाख देऊ नयेत. दीनने सूद मना केला आहेच, पण हिशेबही तसाच आहे. कर्जात गेलेली मुलगी पगार कमी मिळाला तरी बोलू शकत नाही, ड्युटी वाढवली तरी परत येऊ शकत नाही. इंग्लंडमध्येही नोकरी लवकर सोडल्यास खर्च परत मागणाऱ्या अटी करारात असतात, त्या सही करण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्याव्यात. मुलगी एकटी कशी राहील, ही घरच्यांची काळजी रास्त आहे. तिचे उत्तर करारातच शोधावे : राहण्याची जागा कुणाची, सुट्टी किती, परतीचे तिकीट कोण देणार.

उत्प्रवास मंजुरीबरोबर 'प्रवासी भारतीय बिमा योजना' हा विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला दहा लाखांचे संरक्षण. एजंट यासाठी हजारो रुपये मागत असेल तर समजून जा. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची मोफत हेल्पलाइन १८००-११-३०९० आहे. तिथे गेल्यावर अडचण आली तर 'मदद' या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, आणि ती इथून आई-वडीलही करू शकतात. म्हणून तिच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि कराराची एक-एक प्रत घरी ठेवून घ्या.