ब्रेकमधली हवा आणि नळाचे उच्छ्वास

बोर घाट उतरून खोपोली मागे पडली की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर पुढे चौक लागते. घाटाखालच्या कुठल्याही गॅरेजात एक काम ठरलेले असते, ब्रेकमधली एअर काढणे. एकजण गाडीत बसून पॅडल चार-पाच वेळा सावकाश दाबतो आणि शेवटी दाबून धरतो. दुसरा चाकामागे वाकून कॅलिपरवरचे निपल पाव आटा सैल करतो. निपलला जोडलेल्या पारदर्शक नळीतून ब्रेक ऑइल आणि त्यासोबत बारीक बुडबुडे बाटलीत येतात. निपल पुन्हा आवळले जाते, मगच पॅडलवरचा पाय उचलायचा. हा क्रम चुकला तर बाहेरची हवा उलट आत ओढली जाते. याच चौकजवळ मोरबे धरण आहे. तिथले पाणी मोठ्या जलवाहिनीतून नवी मुंबईला जाते. अशा जलवाहिन्या जिथे जिथे चढाच्या माथ्यावर पोचतात तिथे त्यांच्या पाठीवर लोखंडी टोपीचा एअर व्हॉल्व्ह बसवलेला असतो. माझे म्हणणे असे की चाकामागचे ते बोटभर निपल या एअर व्हॉल्व्हच्याच घराण्यातले आहे. ते मोटारीत जन्मले नाही, पाण्याच्या नळातून मोटारीत आले.

मोटारीकडचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो थोडक्यात सांगतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने 1917 साली द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले, 1921 मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीवर ते चारही चाकांना बसले आणि 1924 च्या क्रायस्लरने ते बाजारात रुजवले. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. सगळी मदार या एका गुणावर आहे आणि हवेला तोच गुण नाही. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 20 मिलिमीटर व्यासाचा असेल आणि तीन सेंटिमीटर सरकत असेल, तर तो एका दाबात साडेनऊ मिलिलिटरच्या आसपास द्रव ढकलतो. नळीत पाच मिलिलिटर हवा अडकली असेल, तर पन्नासपट दाबाखाली ती आकसून जेमतेम 0.1 मिलिलिटर उरते. म्हणजे दट्ट्याची निम्म्याहून जास्त मेहनत त्या बुडबुड्याला चेपण्यातच खर्च झाली. पॅडल स्पंजी लागते ते यामुळे. पन्नासपट हा आकडा मी मुद्दाम घेतला आहे. टाटांच्या खोपोलीच्या वीजघरात 1915 पासून लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी 500 मीटरांहून जास्त उंचीवरून नळांतून उतरते. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा तळाशी दाब दर चौरस सेंटिमीटरला 50 किलोच्या वर जातो. मोटारीचा ब्रेक जोरात मारला की त्याच्या नळीत जो दाब तयार होतो, तो याच घरातला. घाटाच्या अंगावरचे ते नळ आणि घाट उतरणाऱ्या मोटारीची पेन्सिलपेक्षा बारीक नळी, दोघांचीही अडचण एकच आहे आणि उपायही एकच.

यावर पहिला आक्षेप रेल्वेच्या बाजूने येईल. या घाटात आगगाडी 1863 सालीच चढली, आणि पुढे कित्येक दशके भारतातल्या गाड्या व्हॅक्यूम ब्रेकवर चालल्या. त्यात इंजिन अख्ख्या गाडीच्या नळीतून हवा सतत ओढून काढत असे. मग ब्रेकमधली हवा काढण्याची कला तिकडूनच आली असे का म्हणू नये? नाव सारखे दिसले तरी काम नेमके उलटे आहे. व्हॅक्यूम ब्रेकमध्ये बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागतो. हवा तिथे कामगार आहे, तिला बाहेर थोपवून ठेवायचे आणि हवी तेव्हा आत घ्यायचे. मोटारीत हवा शिरली की ब्रेक जातो. आज घाटातून उतरणारे मोठे ट्रक दाबलेल्या हवेच्या ब्रेकवर चालतात, त्यांचे नातेही रेल्वेशीच आहे. त्या ट्रकांच्या हवेच्या टाकीत पाणी साचते आणि खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून ते सोडून द्यावे लागते. कारमध्ये द्रवातून हवा काढायची, ट्रकमध्ये हवेतून पाणी. त्यामुळे एकाची काढायची जागा सर्वांत वर आणि दुसऱ्याची सर्वांत खाली. ही दोन वेगळी कुळे आहेत.

खरे कूळ शोधायला बरेच मागे जावे लागते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, 18व्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा नळ बांधला गेला. त्या नळावर ठिकठिकाणी वर उघडणारी दगडी धुराडी होती, त्यांना उच्छ्वास म्हणत. हे उच्छ्वास गाळ काढायला आणि पाहणीसाठी होते, हवेचे नाव त्यांना उगीच चिकटले, असे कोणी म्हणू शकेल. कात्रजचा नळ उताराने वाहणारा, मग त्यात हवा कोंडेल कशी, हा प्रश्नही रास्त आहे. पण उताराच्या बंद नळातही पावसाळ्यात पाणी छताला टेकते आणि मधली हवा दोन बाजूंनी अडते. तिला वाट नसेल तर प्रवाह धक्के खात चालतो. गाळ काढायला माणूस त्याच भोकातून उतरला म्हणून हवेचे काम खोटे ठरत नाही. असाच वाद दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका रोमन मजकुरावर आहे. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस स्थापत्यावरच्या आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात, दरी ओलांडणाऱ्या नळाच्या सखल भागात ‘कॉलिव्हिआरिया’ करावेत, म्हणजे हवेचा जोर सैल होईल, असे सांगतो. हा शब्द दुसरीकडे कुठेच सापडत नाही आणि हस्तलिखितांत त्याची अक्षरेही सारखी नाहीत. हवा तर वर जाते, मग सखल भागात तिची वाट कशाला, म्हणून हे पाणी सोडण्याचे तोंड असावे असे अनेक अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. नळात पहिल्यांदा पाणी सोडताना ते हळूहळू, थोडे थोडे सोडावे, असेही व्हिट्रुव्हियसच बजावतो. रिकाम्या नळातली हवा बाहेर पडण्याआधी पाणी घुसले तर काय होते हे त्याला ठाऊक होते, याचा याहून चांगला पुरावा काय हवा? पॅडल सावकाश दाब, असे गॅरेजमध्ये सांगतात त्यामागेही हेच कारण आहे. भराभर दाबले की बुडबुडा फुटून द्रवात फेसासारखा मिसळतो आणि मग निघता निघत नाही.

उच्छ्वासापासून निपलपर्यंतची पायरी दाबाने घडवली. वर उघडे धुराडे तेव्हाच चालते जेव्हा ते पाण्याच्या पातळीहून उंच असते. नळात 50 मीटरचा दाब असेल तर 50 मीटरचा मनोरा लागेल, आणि खोपोलीच्या पायथ्याशी तर घाटाएवढा. म्हणून दाब वाढला तसे धुराड्याला झाकण आले. जलवाहिनीवर ते आतल्या तरंगत्या गोळ्याने आपोआप उघडमीट करते. थंड देशांत घरे ऊबदार ठेवायला गरम पाण्याचे रेडिएटर आले तेव्हा तेच झाकण किल्लीने फिरवायचा छोटा स्क्रू झाले. नळकाम करणाऱ्याच्या खिशातला हा स्क्रूच ब्रेकवर येऊन बसला, अशी माझी खात्री आहे. आकार तोच, फिरवण्याची रीत तीच, जागाही तीच. जलवाहिनीत हवा आपसूक वर येते, ब्रेकमध्ये मात्र ती पंप करून हाकलावी लागते, हा फरक मला मान्य आहे. पण तो नळीच्या बारीकपणाचा आहे. इतक्या अरुंद वाटेत बुडबुडा स्वतःहून चढत नाही, त्याला द्रवाच्या धक्क्याने पुढे न्यावे लागते. शेवटचा टप्पा तरीही जुन्याच नियमाने पार पडतो. डावे आणि उजवे कॅलिपर चुकून अदलाबदल करून बसवले तर ब्रेक नीट जोडला जातो, गळतीही होत नाही, फक्त निपल खाली येते आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. मग बाटलीभर ऑइल संपवले तरी पॅडल घट्ट होत नाही. कॅलिपर पुन्हा उलटसुलट करून निपल माथ्यावर आणले की पहिल्या काही दाबांतच बुडबुडे नळीत दिसू लागतात.